घड्याळजी, पंचांगकर्ता आणि डाव्हा सोबेल



या मालेत माझ्याआधी बरेच विद्वान बोलून गेले आहेत. मी त्यातला नाही. बी. एस्सी. करून फौजेत गेलो, तोफखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता महूला असतो. इथं इंदूर जवळ असल्यामुळे मराठी कानावर पडत राहतं आणि पुस्तकं वाचायला वेळ मिळतो. तेव्हा आज मी वाचक म्हणून बोलणार आहे. विषय आहे डाव्हा सोबेल या अमेरिकन लेखिका. विज्ञानाचा इतिहास त्यांनी सामान्य वाचकासाठी लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. त्यांची पुस्तकं मला आवडतात, आणि तरीही त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाबद्दल माझं थोडं भांडण आहे. दोन्ही गोष्टी सांगतो.

सोबेलबाईंचा जन्म १९४७चा, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉंक्स भागातला. न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी विज्ञान वार्ताहर म्हणून काम केलं. १९९३ साली हार्वर्ड विद्यापीठात रेखांश या विषयावर एक परिषद भरली. तिच्यावर त्यांनी हार्वर्ड मॅगझिनसाठी लेख लिहिला. तो एका प्रकाशकाच्या वाचनात आला आणि त्यानं पुस्तक मागितलं. १९९५ मध्ये ‘लाँगिट्यूड’ हे छोटंसं पुस्तक आलं. तळटिपा नाहीत, समीकरणं नाहीत, आणि विषय काय, तर घड्याळ! असं पुस्तक कोण घेणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण लोकांनी ते उचलून धरलं. पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला.

आता रेखांशाचं एवढं काय अडलं होतं, ते आधी पाहू. पृथ्वीवर आपण कुठं आहोत हे सांगायला दोन आकडे लागतात. पहिला अक्षांश. तो सोपा. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजाच्या जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तेवढा आपला अक्षांश. महूला ध्रुव साडेबावीस अंशांवर दिसतो, श्रीनगरला चौतीसवर. दुसरा आकडा रेखांश. त्याला असा कुठलाच तारा मदत करत नाही, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि पूर्व-पश्चिम रेषेवरच्या प्रत्येक गावाला तेच आकाश दिसतं, फक्त वेगवेगळ्या वेळी. म्हणून रेखांश मोजायचा तर वेळच मोजावी लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश.

हे गणित मी नोकरीत अंगावर घेतलं आहे. अरुणाचलच्या पूर्व टोकाला जून महिन्यात साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो. मग बदली होते कच्छला, तिथं त्याच जूनमध्ये सूर्योदय सहानंतर. हातावरचं घड्याळ तेच. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे. देशाची रुंदी २९ अंशांची, त्यामुळे दोन टोकांच्या सूर्यात जवळजवळ दोन तासांचा फरक.

हेच जहाजावर न्या. भर समुद्रात सूर्य डोक्यावर आला की स्थानिक वेळ कळते. त्याच क्षणी निघालेल्या बंदरात किती वाजले आहेत हेही कळलं, तर फरकावरून रेखांश निघतो. पण बंदराची वेळ सांगणार कोण? लंबकाचं घड्याळ डुलणाऱ्या जहाजावर चालत नाही. शिवाय थंडी-उन्हानं धातू आकसतो-फुगतो आणि तेल घट्ट-पातळ होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिवसाला मिनिटभर चुकणारं घड्याळ चांगलं समजत, आणि चार मिनिटांची चूक म्हणजे विषुववृत्तावर ६० सागरी मैल.

याची किंमत माणसं जिवानं मोजत होती. १७०७ साली ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांजवळच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून जास्त खलाशी बुडाले. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला. समुद्रावर अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढण्याची रीत जो देईल त्याला २० हजार पौंड. त्या काळी ही अफाट रक्कम होती. निवाडा करायला एक मंडळ नेमलं, बोर्ड ऑफ लाँगिट्यूड.

इथं जॉन हॅरिसन येतो. जन्म १६९३, सुताराचा मुलगा, स्वतःही सुतार. लाकडाची घड्याळं बनवता बनवता तो या कोड्याकडे वळला. १७३५ मध्ये त्यानं पहिलं सागरी घड्याळ पुरं केलं. ते आज एच-१ म्हणून ओळखलं जातं. मग एच-२. मग एच-३, ज्याच्यावर त्यानं १९ वर्षं घालवली. आणि १७५९ मध्ये एच-४, जे आधीच्या अवजड यंत्रांसारखं नव्हतंच. ते होतं एक मोठं खिशातलं घड्याळ, १३ सेंटिमीटर व्यासाचं. १७६१ मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतर, घड्याळाची रोजची ठरलेली पिछाडी हिशेबात धरून, चूक निघाली पाच सेकंद. मंडळी, टाळ्या वाजवाव्यात अशीच ही गोष्ट आहे.

पण मंडळानं बक्षीस दिलं नाही. दुसरी चाचणी घ्या म्हणाले. १७६४ मध्ये बार्बाडोसची सफर झाली, तीही उत्तम उतरली. तरी १७६५ मध्ये निम्मीच रक्कम मिळाली आणि बाकीच्यासाठी नव्या अटी. त्याच वर्षी नेव्हिल मॅस्केलिन हा राजज्योतिषी झाला, म्हणून मंडळावरही आला. त्याचा भरवसा होता चंद्रावर. चंद्राचं ठराविक ताऱ्यांपासूनचं अंतर मोजायचं आणि कोष्टकं वापरून ग्रिनिचची वेळ काढायची, अशी ती रीत. हॅरिसन चिडला, अखेर तिसऱ्या जॉर्ज राजापर्यंत गेला, आणि १७७३ मध्ये पार्लमेंटनं त्याला आणखी ८,७५० पौंड दिले. तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. तीन वर्षांनी वारला.

सोबेलबाई ही गोष्ट इतकी छान सांगतात की हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही. अवघड तत्त्व त्या दोन वाक्यांत उलगडतात, वाचकाला दमवत नाहीत आणि त्याच्या बुद्धीचा अपमानही करत नाहीत. हे वाटतं तितकं सोपं नाही. जवानांना मोजमाप शिकवताना हे मी रोज अनुभवत होतो.

आता भांडणाकडे येतो. इंग्रजी पुस्तकाच्या उपशीर्षकातच हॅरिसनला एकटा अलौकिक पुरुष म्हटलं आहे. वाचून खाली ठेवल्यावर मनात राहतं ते हेच: एक गरीब सुतार, आणि त्याची वाट अडवणारा सरकारी ज्योतिषी. सोबेलबाई प्रामाणिक आहेत. मॅस्केलिनला पुरता खलनायक म्हणणं बरोबर नाही, असं त्या स्वतः नोंदवतात. पण गोष्टीचा ओघ असा आहे की वाचकाचा राग मॅस्केलिनवरच जाऊन बसतो. इतिहासकारांनी यावर बरंच लिहिलं. डेव्हिड फिलिप मिलर यांनी २००२ मध्ये अशा पुस्तकांच्या लाटेला आणि तिच्या परिणामांना ‘सोबेल इफेक्ट’ असं नावच दिलं. २०१४ मध्ये कायद्याला ३०० वर्षं झाली, तेव्हा ग्रिनिचला भरलेल्या प्रदर्शनात मॅस्केलिन आणि मंडळ यांची बाजूही नीट मांडली गेली.

तोफखान्याच्या नजरेनं पाहिलं तर मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. जमैकाच्या चाचणीवर मंडळाचा एक आक्षेप होता की जमैकाचा रेखांशच पुरेसा नक्की माहीत नाही. हा खोडसाळपणा वाटतो. पण गनरला विचारा. तोफेचा नेम तपासायचा असेल तर निशाणाची जागा आधी पक्की माहीत हवी. निशाणच शंभर मीटर इकडचं तिकडे असेल तर गोळा चुकला की नकाशा चुकला, कसं कळणार? म्हणूनच बार्बाडोसच्या वेळी मॅस्केलिनला आधी पाठवलं. त्यानं गुरूच्या उपग्रहांचे वेध घेऊन त्या बेटाचा रेखांश ठरवला. घड्याळाची परीक्षा घ्यायलासुद्धा आकाश लागलं.

दुसरी. एच-४ हे एकच होतं. मंडळाला हवी होती आरमारभर वापरता येईल अशी रीत. लार्कम केंडल या कारागिरानं एच-४ची नक्कल केली, तिला ४५० पौंड पडले. जेम्स कुकनं ती १७७२च्या सफरीवर नेली आणि तोंड भरून वाखाणली. पण इतकं महाग घड्याळ किती जहाजांना देणार? पुढे जॉन अर्नोल्ड आणि थॉमस अर्नशॉ यांनी रचना सोपी केली, तेव्हा कुठं ती आवाक्यात आली. प्रयोगशाळेत चाललेलं एक यंत्र आणि युनिटला मिळणारं यंत्र यांत काय अंतर असतं, हे फौजेतल्या कुणालाही विचारा.

तिसरी. मॅस्केलिनचं नाविक पंचांग १७६७ पासून निघू लागलं. पंचांग म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. त्यातले आकडे घरोघरी बसलेले गणक काढत, आणि एकाचं गणित दुसरा तपासत असे. मेरी एडवर्ड्स नावाची एक बाई लडलो गावात बसून हे काम करायची. हे पंचांग आणि सेक्स्टंट घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त होते. दोन्ही रीती बरीच वर्षं शेजारी शेजारी चालल्या, कारण घड्याळ बिघडलं का हे तपासायला आकाशच लागतं. डार्विन ज्या बीगल जहाजावरून १८३१ मध्ये निघाला, त्याच्यावर २२ घड्याळं होती. एकावर कुणी भिस्त ठेवली नाही.

हॅरिसनही एकटा नव्हता. एडमंड हॅलीनं त्याला जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडे पाठवलं, आणि ग्रॅहमनं बिनव्याजी पैसे दिले. सुरुवातीला भाऊ जेम्स सोबत होता, नंतर मुलगा. आणि ज्या मंडळाला आपण शिव्या देतो, ते १७३७ पासून त्याला कामासाठी पैसे देत होतं. वेळोवेळची सगळी रक्कम मिळवली तर ती २० हजारांच्या वर जाते. यातली बहुतेक माणसं सोबेलबाईंच्या पुस्तकात आहेत. म्हणजे ‘एकटा’ हा शब्द उपशीर्षकातला. आतल्या मजकुरात गर्दी आहे.

मग एवढ्या एका शब्दावरून भांडायचं कशाला? सांगतो. मी कमांडिंग ऑफिसर असताना एका उंच ठाण्यावर हिमस्खलन झालं आणि पुढच्या चौकीशी टेलिफोन लाइन तुटली. एका तरुण कॅप्टननं रात्रीत तुकडी घेऊन लाइन पुन्हा जोडली आणि अडकलेल्या माणसांना खाली आणलं. त्याच्या नावाची शिफारस मी लिहिली, त्याला पदक मिळालं. तो पात्रच होता, आजही मी तेच लिहीन. शिफारशीच्या कागदावर नाव एकाचंच असतं. बऱ्याच वर्षांनी रेजिमेंटच्या रेझिंग डेला त्या तुकडीतला एक हवालदार भेटला, कऱ्हाडकडचा, आता शेती करतो. जेवताना म्हणाला, “साहेब, नातीनं शाळेत सांगितलं, आमचे आजोबा त्या रात्री बर्फात होते. बाई म्हणाल्या, कुठं लिहिलंय? आता कुठं लिहिलंय सांगा, पोरीला दाखवायचंय.” तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. नुसतं विचारत होता. घरी येऊन मी त्या रात्रीचा वृत्तांत लिहिला, अकरा जणांची नावं लिहिली, सही केली आणि कागद त्याला पाठवला.

इतिहासाचंही तसंच असतं. एकाचं नाव लिहिलं जातं ते खोटं नसतं. पण उरलेल्यांची नातवंडं ‘कुठं लिहिलंय’ विचारतात, तेव्हा आपल्याकडे कागद असावा लागतो. शिवाय ‘एकटा विरुद्ध सरकार’ ही गोष्ट शाळकरी मुलांच्या मनात रुजली, तर विज्ञान म्हणजे अचानक चमकणारी प्रतिभा असं त्यांना वाटतं. मोजमाप, तपासणी, पुन्हा मोजमाप, हे सगळं मग कारकुनी वाटायला लागतं. आणि विज्ञानातलं निम्म्याहून जास्त काम तेच आहे.

मला सोबेलबाईंबद्दल आदर वाटतो तो यामुळे, की पुढच्या पुस्तकांत त्यांचा कॅमेरा हळूहळू बाजूला सरकत गेला. १९९९ च्या ‘गॅलिलिओज डॉटर’ मध्ये नाव गॅलिलिओचं असलं तरी मधोमध उभी आहे त्याची मुलगी, मारिया चेलेस्ते. ती मठात जोगीण होती. तिनं बापाला लिहिलेली १२४ पत्रं टिकली. बापानं तिला लिहिलेली एकही नाही. सोबेलबाईंनी ती पत्रं स्वतः इटालियनमधून इंग्रजीत आणली. १६३३ मध्ये रोममध्ये खटला चालू असताना ही मुलगी मठातून बापाच्या घराची, बागेची व्यवस्था बघते आणि सगळं कळवत राहते. शिक्षा म्हणून त्याला दर आठवड्याला म्हणायला सांगितलेली स्तोत्रं ती स्वतःकडे घेते. पुढच्याच वर्षी ती वारते, वय ३३. गॅलिलिओला आपण इतके दिवस धर्माशी लढणारा एकांडा शिलेदार म्हणून ओळखत होतो. या पुस्तकात तो घरातला माणूस म्हणून भेटतो.

२०१६ चं ‘द ग्लास युनिव्हर्स’ तर सरळ गर्दीचंच पुस्तक आहे. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या तबकड्यांवर आकाशाचे फोटो घेत, आणि त्या तबकड्या भिंगातून वाचायचं काम बायका करत. पगार तासाला काही सेंट. विल्यमिना फ्लेमिंग संचालक पिकरिंग यांच्या घरी कामाला आलेली मोलकरीण, ती तारकांची तज्ज्ञ झाली. ॲनी जंप कॅनन यांनी साडेतीन लाखांच्या आसपास तारे वर्गवार लावले. हेन्रिएटा लेविट यांनी चमक कमी-जास्त होणाऱ्या एका जातीच्या ताऱ्यांचा नियम शोधला, आणि त्याच्या आधारे पुढे हबल यांनी दीर्घिकांची अंतरं काढली. हबल यांचं नाव दुर्बिणीला मिळालं, लेविट यांचं नाव सोबेलबाईंनी आपल्यासारख्यांपर्यंत आणलं. २०२४ मध्ये त्यांनी मेरी क्यूरींवर लिहिलं, तेव्हाही क्यूरींच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या इतर स्त्रियांना बरोबर घेतलं. ‘लाँगिट्यूड’ मध्ये जे उपशीर्षकात हरवलं होतं, ते या पुस्तकांत मुख्य विषय झालं.

हे आपल्या देशाला कसं लागू पडतं? आपल्याकडेही अशा गोष्टी रांगेनं उभ्या आहेत. कुमाऊँचे शाळामास्तर नैनसिंह रावत. सर्वेक्षण खात्यानं त्यांना डेहराडूनला शिकवलं आणि १८६५ मध्ये वेषांतर करून तिबेटात पाठवलं. अक्षांश ते लपवलेल्या सेक्स्टंटनं घेत. पूर्व-पश्चिम अंतरासाठी मात्र पावलं मोजायची! जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी. रात्री टिपणं प्रार्थनाचक्रात दडवायची. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना १८७७ मध्ये सुवर्णपदक दिलं. दुसरे राधानाथ सिकदार. १८५२ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या गणनेतून पंधरावं शिखर जगात सगळ्यात उंच ठरलं, त्या गणनेचे ते प्रमुख. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली २९,००२ फूट, आणि नाव लागलं एव्हरेस्ट यांचं. सिकदारांना न्याय द्यायलाच हवा. पण देताना पुन्हा ‘एकटे सिकदार’ असं करू नये. ते वेध तराईतल्या ठाण्यांवरून घेतलेले होते. तिथं हिवतापानं माणसं मेली. थिओडोलाइट वाहून नेणारे खलाशी होते, निशाण धरून उभे राहणारे होते. ज्यांची नावं सापडतील त्यांची लिहिली पाहिजेत.

आणि घड्याळाचा प्रश्न अजून संपलेला नाही. आज मोबाइलवर दिसणारी तुमची जागाही वेळ मोजूनच ठरते. उपग्रहावरचं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं. आपल्या ‘नाविक’ यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आण्विक घड्याळं बंद पडली, हे २०१७ च्या सुरुवातीला जाहीर झालं. ती परदेशी बनावटीची होती. २९ मे २०२३ ला सोडलेल्या उपग्रहावर देशात बनवलेलं आण्विक घड्याळ गेलं. त्याच्यामागे माणसं किती, याचा अंदाज करा. ही गोष्ट कुणीतरी लिहायला हवी, आणि मराठीत लिहायला हवी.

मराठीला हे नवं नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये मराठीतच लिहिला. पुढे तो इंग्रजीत न्यावा लागला, इतका मोलाचा. त्यात पंचांगकर्त्यांची, ग्रंथकारांची नावं गावांसकट येतात. दीक्षितांची चिकाटी आणि सोबेलबाईंची हातोटी एकत्र आणणारा लेखक मला वाचायचा आहे. तो बडोद्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत कुठंही बसलेला असेल. कदाचित आत्ता ऐकतही असेल.

तोवर ‘लाँगिट्यूड’ जरूर वाचा, घरातल्या मुलांना द्या. पाठोपाठ ‘द ग्लास युनिव्हर्स’ द्या. आणि दोन्ही वाचून झाली की मुलांना विचारा, बक्षीस कुणाला मिळालं ते सांगू नका, कामाला कोण कोण होतं त्यांची यादी करा. यादी किती लांब होते ते मला जरूर कळवा.